पुण्याची सावली आखूड, दिल्लीची लांब

तिसरा मजला, रामकृष्णपुरम, नवी दिल्ली
४ फेब्रुवारी, दुपारचं ऊन उतरल्यावर

तीर्थस्वरूप भाऊसाहेबांना दिल्लीहून हरीशचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर माझीही कंबर हल्ली कुरकुरते, तेव्हा हा नमस्कार आहे त्यापेक्षा थोडा अधिक मोलाचा समजावा.)

तुमचा डावा गुडघा कसा आहे? मागच्या फोनवर तुम्ही उजवा म्हणालात, पण गेल्या मे महिन्यात मी स्वतः पाहिला तेव्हा दुखरा गुडघा डावा होता. मधल्या काळात दुखणं बदललं असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, नाहीतर ते भलत्याच पायाला पट्टा बांधतील. वहिनींचा रक्तदाब आणि तुमच्या दाराशी बसणारं ते पिवळं मांजर, दोन्ही ठिकाणावर असतील अशी आशा आहे. इकडे मी आणि अवनी क्षेम आहोत. क्षेम हा शब्द मी विचार करून वापरला आहे. मजेत लिहिलं असतं तर खोटं ठरलं असतं, आणि हालात लिहिलं असतं तर तुम्ही ते वाक्य वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवलं असतं. (पत्त्यात मजला चुकलेला नाही. त्याबद्दल मागाहून.)

फोन सोडून पत्र का, आणि तेही तुमच्या घरच्या पत्त्यावर न पाठवता ज्येष्ठ नागरिक संघाच्या पत्त्यावर का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. उत्तर सरळ आहे. तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, आणि स्पीकरच्या टप्प्यात वृंदा असते. पत्राला स्पीकर नसतो. तरी कृपा करून संघाच्या कट्ट्यावर हे सामुदायिक वाचनाला घेऊ नये.

आता मुद्दा. तुमची बहीण वृंदा भाऊबीजेला म्हणून पुण्याला आली. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं, संक्रांत झाली, आता माघ चालू आहे. भावाला ओवाळायला लागणाऱ्या वेळाबद्दल शास्त्रात काही बंधन नाही हे मान्य, पण इतका वेळ निरांजन कुठल्याच तुपावर तेवत नाही. परतीचं तिकीट मी स्वतः काढून दिलं होतं, खालची बर्थ, खिडकीकडची, दोन्ही शौचालयांपासून सारख्या अंतरावरची. ते वाया गेलं. मग एके दिवशी तुम्हीच फोनवर, माझ्या मते गरजेपेक्षा जास्त आनंदी आवाजात, सांगितलंत की, "हरीशराव, वृंदाला इथे आल्यापासून एकदाही अंगावर पित्त उठलं नाही हो!" ऐकून मलाही आनंद झाला. तो दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत टिकला. चहा पिताना मी अवनीला ही बातमी दिली, तर तुमची भाची गुरुग्रामच्या कॅबची वाट बघत, मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, यार, तुम्ही सगळं हटवून बघितलं ना? डाळ हटवली, साबण हटवला. एकच चीज राहिली होती. तीच आता आईपासून चौदाशे किलोमीटर दूर आहे." मी विचारलं, कुठली चीज? तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग तिची कॅब आली.

भाऊसाहेब, तेव्हापासून मी या एकाच प्रश्नामागे आहे. वृंदाला पुण्यात बरं वाटलं ते पुण्यात काहीतरी आहे म्हणून, की पुण्यात मी नाही म्हणून? कॉलनीनं आपला निकाल कधीच लावून टाकला आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांनी (हळदीकुंकू दरवर्षी आमच्याकडे असतं, यंदा ते लक्ष्मीबाई नगरात झालं) माझं नाव तिळगुळासारखं वाटून खाल्लं असं अवनीकडून कळलं. पण मी ऐकीव गोष्टींवर निकाल मान्य करणारा माणूस नाही. तुम्हाला ठाऊकच आहे, बारावीनंतर मी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, आणि यात नुकसान झालं ते कॉलेजचं. घड्याळदुरुस्ती, उर्दू लिपी, नळजोडणी, हार्मोनियम (भैरवीपर्यंत) आणि ग्रहगणित, सगळं मी पुस्तकांतून शिकलो. ऑफिसात मोठमोठे पदवीधर आपली टिपणं साहेबांकडे नेण्याआधी माझ्या टेबलावरून नेतात. तेव्हा हे प्रकरण मी सुरुवातीपासून क्रमानं मांडतो. निवाडा तुम्ही करा. तुम्ही तिचे भाऊ आहात, पण निवृत्त मुख्याध्यापकही आहात, त्यातल्या दुसऱ्या नात्यानं वाचावे.

वृंदाला पित्त उठायला लागलं ते गेल्या वर्षी. आधी मनगटावर, मग पोटावर, मग बघता बघता मानेपर्यंत लाल गांधी. खाजवून खाजवून ती रडकुंडीला यायची, आणि मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट हातात असताना एकदा तिला ते ताट दुसरीच्या हातात देऊन घरी यावं लागलं, त्याचं तिला फार लागलं. मी आधी घरगुती उपाय म्हणून आमसुलाचं पाणी लावलं. आमसूल दिल्लीत मिळतं पण ते जुनं असतं, म्हणून मी प्रमाण वाढवलं. गांधी उतरल्या, पण तिच्या मोतिया चंदेरीवर जे डाग उतरले ते अजून उतरलेले नाहीत. मग मी शास्त्रीय पद्धत स्वीकारली. संशयित वस्तू एकेक करून घरातून बाद करायची आणि पित्त उठतं का पाहायचं. पहिली तूरडाळ गेली. मग शेंगदाणे गेले. (एकादशीला शेंगदाण्याशिवाय साबुदाण्याची खिचडी झाली. ती सिमेंटच्या कामाला चालली असती.) मग कपड्यांचा साबण, मग कापसाची गादी, मग शेजारच्या मिसेस सभरवाल सकाळी लावतात तो धूप. तो बंद करा म्हणून सांगायला मी गेलो तेव्हा त्यांनी मला परांठा खायला घालून परत पाठवलं आणि धूप लावायच्या त्या लावतच राहिल्या. यात एकदा वृंदा हळूच म्हणाली, "अहो, थोडे दिवस अळू बंद करून बघू या का?" आता तुम्ही माझा अळूचा वाफा पाहिला आहे. काळ्या देठाचं, वडीचं अळू, तुमच्याच परसातून कंद आणून तळमजल्याच्या अंगणात रुजवलेलं. दिल्लीच्या थंडीत मी त्याला गोणपाट पांघरतो. रामकृष्णपुरमात कुणाकडे अळूवडी झाली तर ती माझ्या वाफ्यातली असते हे लहान मूलही सांगेल. मी वृंदाला समजावलं की काळ्या देठाच्या अळूला खाज नसते, तेव्हा त्याच्यावर संशय घेणं अशास्त्रीय आहे. ती गप्प बसली. (त्या गप्प बसण्याकडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं असं अवनीचं मत आहे.)

शेवटी आम्ही डिस्पेन्सरीत गेलो. तिथे डॉक्टर कृतिका म्हणून एक तरुण बाई आहेत. त्यांनी अॅलर्जीची रोजची गोळी दिली आणि रक्त तपासायला सांगितलं. तपासणीत निघालं की वृंदाच्या अंगात ड जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते भरून काढू या, हाडांना तर हवंच आहे. शिवाय असं अंगावर उठणाऱ्यांपैकी काहींना, गोळीच्या जोडीला हे दिल्यावर खाज कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. सगळ्यांना नाही, आणि अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही. मी लगेच विचारलं, म्हणजे हेच कारण होतं तर! त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हरीश जी, हो सकता है. लेकिन 'हो सकता है' को 'होगा' मत समझिए." गोळी बंद करायची नाही, ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्यातून एकदाच घ्यायची, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. मला मात्र एक गोष्ट सहन झाली नाही. दिल्लीसारख्या उन्हानं रस्त्याचं डांबर वितळणाऱ्या शहरात माझ्या बायकोला उन्हाचं जीवनसत्त्व कमी? मी दारातून परत फिरून तसं बोललो. बाई म्हणाल्या, "डांबर धूप में रहता है, जी. आपकी मिसेस किचन में."

हे मला लागलं, आणि माणसाला लागलं की तो वाचतो. मी वाचलं. उन्हात बसायचं ठरलं. आता योगायोग असा की मागच्या व्हरांड्याला काचा बसवून द्या असं वृंदा कित्येक वर्षं म्हणत होती, इथली धूळ तुम्ही पाहिली आहेच. मी एका दगडात दोन पक्षी मारले. सुतार न बोलावता स्वतः चौकटी केल्या, स्वतः काचा बसवल्या, आणि दसऱ्यापासून रोज वृंदाला त्या काचघरात दक्षिणेकडे तोंड करून बसवू लागलो. काचा रोज वर्तमानपत्रानं पुसायच्या म्हणजे उन्हाला अडथळा नको. ती बिचारी मेथी निवडत बसायची. अगदी राणीच्या थाटात बसायची हो, येणाऱ्याजाणाऱ्याला काचा दाखवायची. असं ऊन खाणं आम्ही दिवाळीच्या तोंडापर्यंत चालवलं. मग एक दिवस मी डिस्पेन्सरीत माझ्या खोकल्यासाठी गेलो असताना डॉक्टरीणबाईंना अभिमानानं ही व्यवस्था सांगितली. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "काँच के पीछे?" भाऊसाहेब, उन्हातले जे किरण कातडीत ड जीवनसत्त्व तयार करतात नेमके तेच साधी काचही आत येऊ देत नाही. प्रकाश येतो, ऊब येते, घाम येतो, पण कामाचं काही येत नाही. यात माझ्या अभ्यासाचा दोष नाही. दर्यागंजच्या रविवारच्या बाजारातून घेतलेल्या माझ्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात दृश्य प्रकाशाचं प्रकरण पूर्ण आहे, त्यापुढचं अदृश्य किरणांचं प्रकरण वाळवीनं खाल्लेलं आहे. वाळवीनं खाल्लेल्या ज्ञानाची जबाबदारी मी घेऊ शकत नाही.

चूक कळली की दुरुस्ती त्याच दिवशी, हा माझा बाणा. घरी आलो आणि काचा काढायला घेतल्या. ती नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती हे खरं आहे. काचघरात वृंदानं आकाशकंदील टांगला होता आणि फराळाचे डबे झाकणं उघडी ठेवून गार करायला मांडले होते हेही खरं आहे. पुट्टी फोडताना थोडी धूळ उडते, त्याला इलाज नसतो. चकल्या मी झटकून दिल्या. चिवडा चाळून दिला. करंज्यांचं मात्र काही करता आलं नाही. भाऊबीजेच्या गाडीला तिची जी बॅग मी स्टेशनवर उचलली, ती दोन दिवसांच्या मुक्कामाच्या मानानं जड होती. माझ्या ते तेव्हाच लक्षात आलं होतं. वजनाचा मला अंदाज आहे.

तर अशी ती पुण्याला आली, आणि तिथे तिचं पित्त गेलं. आता दोन शक्यता. एक, मी. दुसरी, ऊन. तुम्ही फोनवर बोलता बोलता सांगितलंत की ती जेवण करून रोज तुमच्या गच्चीवर मटार सोलत बसते. हे वाक्य मी सोडलं नाही. मी पुन्हा वाचायला बसलो आणि त्यातून जे निघालं ते तुमच्यासारख्या गणिताच्या मास्तरांना मी सांगायला नको, पण सांगतो. उन्हात उभं राहून आपली सावली बघायची. सावली आपल्याहून आखूड असेल तर सूर्य उंच आहे, ते ऊन कामाचं. सावली आपल्याहून लांब असेल तर सूर्य तिरपा आहे, त्या उन्हात ऊब मिळते, जीवनसत्त्व फारसं मिळत नाही. मी गणित मांडलं. पुण्यात ऐन डिसेंबरातही भर दुपारी माणसाची सावली माणसापेक्षा आखूड राहते. दिल्लीत त्याच वेळी ती माणसापेक्षा चांगली पाव पट लांब असते, आणि वर धुरकं. म्हणजे प्रश्न हरीशचा नसून अक्षांशाचा आहे! मी टाळी वाजवली. घरात ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून मी अंगणात जाऊन खात्री करायला काठी रोवली.

अंगणात मिसेस सभरवाल बसल्या होत्या. थंडीत या कॉलनीतल्या बायका बाजा टाकून, शाली गुंडाळून, मुंगफली आणि तिळाची गजक खात धूप सेकत, म्हणजे ऊन खात, बसतात, आणि या सभेत सगळ्या सरकारांचे निकाल लागतात. मी काठी रोवून दोरीनं मापू लागलो तशा त्या म्हणाल्या, "हरीश जी, धूप सेकते हैं, नापते नहीं." मी त्यांना शास्त्र समजावलं. त्यांनी मुंगफलीचं एक टरफल माझ्या काठीच्या दिशेनं टाकलं आणि म्हणाल्या, "ये सब छोड़ो. नीचे धूप है कहाँ? दो घड़ी आई, गई. धूप तो छत पर है." आणि हे सत्य होतं. दक्षिणेकडे जे नवे मनोरे उभे राहिले आहेत त्यांनी आमचं तळमजल्याचं ऊन खाऊन टाकलं आहे. माझी काठी सावली टाकण्याआधीच स्वतः सावलीत गेली.

म्हणून मी गच्चीवर गेलो. गच्चीची किल्ली तिसऱ्या मजल्यावर शंकर यांच्याकडे असते. हे आमच्याच ऑफिसातले, सज्जन गृहस्थ, पण त्यांच्या आईंचे गुडघे तुमच्यापेक्षा वाईट (त्यांचे दोन्ही आहेत). त्या नवरात्रापासून खाली उतरलेल्या नाहीत. बाल्कनीत खुर्ची टाकून वरून माझं अंगण बघत बसतात. मी किल्ली घेतली, वर गेलो, हातांनाही ऊन लागावं म्हणून सदरा काढून बंडीवर उभा राहिलो, काठी, दोरी आणि होकायंत्र मांडलं आणि दक्षिणेकडे तोंड करून सावली कधी सर्वांत आखूड होते याची वाट पाहू लागलो. आता यात एक तपशील माझ्या ध्यानातून सुटला. तो प्रजासत्ताक दिनाचा आठवडा होता. समोरच्या ब्लॉकमधून कुणीतरी कळवलं की एक इसम बंडी घालून छतावर काठी आणि यंत्र घेऊन काहीतरी नेम धरतो आहे. थोड्याच वेळात एक हवालदार धापा टाकत वर आला. त्यानं विचारलं, "अंकल जी, ये क्या नाप रहे हो?" मी म्हणालो, परछाई. "किसकी?" डंडे की. "डंडे की परछाई का क्या करोगे?" आणि मी म्हणालो, "बीवी वापस लानी है." (हे उत्तर माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजवर कळलेलं नाही. मी अक्षांश म्हणणार होतो.) हवालदारानं माझ्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, मग टोपी काढून पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसला आणि म्हणाला, "फिर ठीक से नापो." शेवटची मापं घेताना दोरीचं दुसरं टोक त्यानंच धरलं होतं. उतरताना मात्र सांगून गेला की सव्वीस तारखेपर्यंत बंडीवर दिसायचं नाही.

तर भाऊसाहेब, माझं म्हणणं सप्रमाण सिद्ध झालं आहे. वृंदाला बरं वाटलं ते आठवड्याच्या पुडीनं, रोजच्या गोळीनं आणि पुण्याच्या आखूड सावलीनं. हे मी 'होगा' म्हणून लिहीत नाही, 'हो सकता है' म्हणूनच लिहितो, पण बऱ्यापैकी जोर देऊन लिहितो. आणि महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. दिल्लीचा सूर्य कायम तिरपा राहत नाही. मी रोज वर जाऊन बघतो आहे. काल आकाश निवळलं होतं आणि खऱ्या दुपारी (दिल्लीत ती घड्याळातल्या बारानंतर अर्ध्या तासानं होते) काठीची सावली बरोबर काठीएवढी पडली. म्हणजे आता आजपासून दिल्लीतही सावली माणसाच्या आत. तुम्हाला विनंती इतकीच की कृपया एकदा भर दुपारी वृंदाला नकळत तिची सावली मोजून कळवावी, म्हणजे माझं कोष्टक पूर्ण होईल. वहिनींना नमस्कार. मांजराला योग्य तो निरोप द्यावा.

तुमचा,
हरीश

ता. क. सावली मोजली नाहीत तरी चालेल. कोष्टक पूर्ण आहे. मूळ काम वेगळं आहे. पत्त्यातला तिसरा मजला बरोबर आहे. शंकर यांच्या आईंना खाली यायचं होतं, मला वर जायचं होतं. आम्ही रीतसर अर्ज केला, मंजुरी आली, आणि गेल्या शनिवारी घरांची अदलाबदल झाली. आता गच्चीची किल्ली आमच्या खुंटीला आहे. अंगण गेलं. अंगण म्हणजे तरी काय, माती. म्हातारीबाई सकाळपासून अंगणातल्या गुलाबाशी खुर्ची टाकून बसतात, त्यांना बघून बरं वाटतं. अळू बाद केलं, काही दिवस अळूशिवाय बघायला काय हरकत आहे, असं कुणीतरी एकदा सुचवलं होतं. हे सगळं वृंदाला सांगायचं आहे, पण फोनवर आमचं बोलणं दूध, गॅस आणि अवनीचा डबा यापलीकडे जात नाही. मी तिथवर येतो आणि मग सिलिंडरचा नंबर लावला का असं विचारतो. तुम्ही सांगाल का? आणि सांगताना, ती परत यायचा विचार करते आहे का, हे आडवळणानं विचाराल का? तुमचं आडवळण मला माहीत आहे. शक्यतो वहिनींना विचारायला लावा.

दुसरा ता. क. तुम्ही लग्नात वृंदाला दिलेलं सागवानी कपाट जिन्याच्या दुसऱ्या वळणावर अडकलं होतं. ते आता घरात आहे. पूर्वीपेक्षा चार बोटं बुटकं आहे. पाय मीच कापले, चारही अगदी सारखे. आणि पुडीबद्दल एक. वृंदाची बघून तुम्हीही परस्पर सुरू केली असेल तर थांबा, आधी रक्त तपासा. आठवड्याची पुडी काही लोक रोज घेतात आणि मग इस्पितळात पडून पुस्तकं वाचतात.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवणार इतक्यात अवनी ऑफिसातून आली. तिनं पत्र वाचलं (न विचारता), आणि ती जी हसायला लागली ती पाणी प्यायल्यावर थांबली. तिच्याकडून कळलं ते असं. वृंदाला सगळं आधीपासून माहीत आहे. मिसेस सभरवाल तिला रोज व्हिडिओ कॉल करतात. काठी, बंडी, हवालदार, सगळं तिनं पाहिलं आहे. कपाट जिन्यात अडकलं ते तर तिनं थेट प्रक्षेपणात पाहिलं. दुसरं असं कळलं की चार दिवसांपूर्वी तुमच्याकडे तिच्या कोपरावर दोन गांधी उठल्या होत्या. पूर्वी दिवस दिवस राहायच्या, या चहा होईपर्यंत मावळल्या. ऐकून वाईट वाटलं. (खोटं कशाला लिहू, आधी फार बरं वाटलं, कारण तिथे मी नव्हतो. वाईट मग वाटलं.) आणि तिसरं असं की त्या दोन गांधींवरून तुम्ही लगेच तिची तूरडाळ बंद केलीत, काल शेंगदाणे बंद केलेत, आणि आता तुमचा डोळा तिच्या साबणावर आहे. भाऊसाहेब, शास्त्रीय पद्धतीबद्दल मला आदरच आहे, पण तुमची बहीण अवनीला म्हणाली म्हणे, "हेच सोसायचं तर आपल्या घरी काय वाईट होतं!"

तिचा निरोप आहे. अळूचे कंद फेकले नसतील तर कुंड्यांत लावून गच्चीवर टाकीच्या सावलीत ठेवा. कपाटाला हात लावू नका, मी बघते. गच्चीला काच बसवायची नाही. (कंद मी फेकले नव्हते. ते गोणपाटात आहेत.)

म्हणजे आता हे पत्र पाठवायची तशी गरज उरलेली नाही. पण मुद्देसूद झालं आहे, म्हणून पाठवतो. होळीच्या आत येईल का असं मी अवनीला विचारलं, तर ती म्हणाली, "बाबा, हो सकता है." डॉक्टरीणबाईंचा सल्ला मला पाठ आहे, तरी मी तिकीट काढून टाकलं आहे. खालची बर्थ, खिडकीकडची. डब्याच्या खिडकीला काच आहे, तिला माझा इलाज नाही.